कोपरा फाडलेल्या कार्डांची फौज

(गांवच्या वाचनालयांत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या आठवड्यांत आमचे तीन जुने विद्यार्थी शाळेंत दाखले न्यावयास आले. लष्करभरतीला जावयाचें, तेव्हां जन्मतारखेचा दाखला पाहिजे, जातीचा पाहिजे. आम्ही रजिस्टर उघडून लिहीत बसलों असतां त्यांतल्या एकानें सहज विचारलें, "गुरुजी, एकदां वर्दी अंगावर चढली म्हणजे मग कोणी जात विचारीत नाहीं ना?" आम्हीं दाखल्यावर शिक्का मारला, पण उत्तर कांहीं दिलें नाहीं. एका वाक्यांत देण्यासारखें तें नव्हतेंच. म्हणून आज रात्रीं त्या तिघांना मुद्दाम पुढें बसविलें आहे, आणि तुम्हां सर्वांच्या देखत एक हकीकत सांगणार आहों. ती आपल्या मुलखाची नव्हे, अमेरिकेची आहे. पण ऐकतां ऐकतां तुम्हांस ती परकी वाटेल असें आम्हांस वाटत नाहीं.

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतल्या ज्या सज्जनांस अर्पण केलें, ते म्हणजे काळ्या लोकांस दास्यांतून सोडविण्यासाठीं झटलेले लोक. तेथील गुलामी १८६५ सालीं कायद्यानें संपली. जोतीरावांनीं त्या लोकांचे आभार मानले तें योग्यच केलें. परंतु कायद्यानें बेडी तुटली तरी पायावरचा वळ लगेच जात नाहीं. गुलामी संपल्यावर ५२ वर्षांनीं, त्या सुटलेल्या माणसांच्या नातवांना सरकारनें हुकूम धाडला कीं, चला, देशासाठीं लढा. त्या नातवांच्या फौजेची ही गोष्ट. फौजेचें नांव ९२ वी डिव्हिजन.

१९१७ च्या एप्रिलांत अमेरिका जर्मनीविरुद्ध लढाईंत उतरली. लष्कर लहान, लढाई मोठी. तेव्हां १८ मे १९१७ रोजीं सक्तीच्या भरतीचा कायदा झाला. आपल्याकडे त्या महायुद्धांत इंग्रज सरकारनें पुष्कळ माणसें नेलीं, पण तीं पगार दाखवून व अंमलदारांच्या दाबानें नेलीं. हिंदी माणसावर भरतीची कायद्यानें सक्ती नव्हती. अमेरिकेंत तशी होती. २१ ते ३० वर्षांच्या प्रत्येक पुरुषानें ५ जून १९१७ रोजीं आपल्या भागांतल्या भरतीच्या मंडळापुढें जाऊन एक कार्ड भरावयाचें. पुढें वयाची मर्यादा १८ ते ४५ पर्यंत वाढविली. लढाई संपेपर्यंत सुमारें २ कोटी ४० लक्ष कार्डें भरलीं गेलीं, आणि त्यांतून सुमारें २८ लक्ष माणसें लष्करांत ओढलीं गेलीं.

आतां त्या कार्डाकडे नीट पाहूं. नांव, वय, पत्ता, धंदा, घरीं खाणारीं तोंडें किती, असे साधे प्रश्न. पण अगदीं पहिल्या कार्डांवर डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यांत एक सूचना छापलेली असे: मनुष्य आफ्रिकी वंशाचा असेल तर हा कोपरा फाडावा. बस्स. कारकुनानें टर्रकन कोपरा फाडला कीं गठ्ठ्यांतून बोट फिरवितांच कळावें, हा काळा. कार्ड वाचण्याचीही गरज नाहीं. आम्ही शाळेच्या रजिस्टरांत जातीचा रकाना भरतों, निदान तो वाचावा तरी लागतो. तेथें आंधळ्यालाही चाचपून कळेल अशी सोय केली होती.

मग निवड. निवड करणारीं मंडळें त्या त्या भागांतलीं, आणि दक्षिणेकडच्या राज्यांत त्यांवर बसलेले सगळे गोरे. जॉर्जिया राज्यांतल्या फुल्टन परगण्यांतील एका मंडळाचा हिशोब प्रसिद्ध आहे. त्यानें ८१५ गोऱ्यांपैकीं ५२६ जणांस सूट दिली, आणि २०२ काळ्यांपैकीं फक्त ६ जणांस! हा प्रकार इतका उघडा होता कीं सरकारला तें मंडळच बरखास्त करावें लागलें. पण जेथें हिशोब इतका ढळढळीत दिसला नाहीं, तेथें काय झालें असेल याची कल्पना तुम्हीच करा. दक्षिणेंत काळा मनुष्य बहुधा गोऱ्या मळेवाल्याच्या कापसाच्या रानांत वांट्यानें राबणारा. ज्याला मळेवाला आपल्या कामासाठीं ठेवूं पाही, त्याला मंडळाकडून मुदत मिळे. आणि ज्या काळ्या शेतकऱ्याचें स्वतःचें चार बिघे रान, ज्याच्या पाठीं कोणी धनी नाहीं, तो बायकापोरें असतांही उचलला जाई. धन्याच्या शब्दाला कचेरींत काय वजन असतें तें आपल्याला कोणी शिकवावयास नको.

अशा रीतीनें सुमारें ३ लक्ष ६७ हजार काळे लोक सक्तीनें लष्करांत आले. देशाच्या वस्तींत ते शेंकडा १० च्या आसपास. सक्तीनें घेतलेल्यांत मात्र शेंकडा १३. बरें, त्यांना बंदुका दिल्या काय? बहुतेकांना नाहीं. सुमारें २ लक्ष काळे सैनिक समुद्रापलीकडे फ्रान्सांत गेले. त्यांतले लढणारे सुमारें ४२ हजार. बाकीच्यांनीं ब्रेस्ट, सें-नाझेर, बोर्दो या बंदरांवर गलबतें रिकामीं केलीं, रस्ते बांधले, लांकडें तोडलीं. लढाई थांबल्यावर १९१९ सालीं मैदानांत जेथें तेथें पुरलेलीं अमेरिकन प्रेतें उकरून रोमान्य येथील मोठ्या दफनभूमींत पुन्हां पुरण्याचें काम निघालें. तें कोणाकडे आलें असेल? याच काळ्या पलटणींकडे. मेलेलें ढोर कोणीं ओढावयाचें, हा प्रश्न ज्या गांवांत कधींच विचारावा लागला नाहीं, त्या गांवच्या लोकांस आम्ही याहून अधिक काय सांगावें?

परंतु काळ्या पुढाऱ्यांनीं व वर्तमानपत्रांनीं तगादा लावला कीं आमचीं पोरें नेतां तर त्यांना लढूं द्या, आणि त्यांच्यावर अंमलदारही आमच्यांतले नेमा. त्या तगाद्यामुळें दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे आयोवा राज्यांत फोर्ट डेमॉइन येथें जून १९१७ मध्यें काळ्या अंमलदारांसाठीं शिक्षणाची छावणी उघडली. सुमारें १,२५० उमेदवार आले. कॉलेजांत शिकलेले तरुण, शाळामास्तर, वकील, आणि जुन्या पलटणींतले मुरलेले सार्जंट. १५ ऑक्टोबर १९१७ रोजीं त्यांतले ६३९ जण अंमलदार होऊन बाहेर पडले: १०६ कप्तान, ३२९ पहिले लेफ्टनंट, २०४ दुसरे लेफ्टनंट. हिशोब पाहा, कप्तानाच्या वर एकही नाहीं. मेजर, कर्नल, जनरल या पायऱ्या गोऱ्यांसाठीं राखलेल्या.

त्या पायऱ्या चढलेला एक काळा मनुष्य लष्करांत अगोदरच होता, आणि त्याची गोष्ट सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. चार्ल्स यंग हें त्याचें नांव. गुलाम आईबापांच्या पोटीं जन्मलेला हा मनुष्य वेस्ट पॉइंट या लष्करी विद्यालयांतून १८८९ सालीं पास झाला आणि चढत चढत कर्नलाच्या जागेपर्यंत आला. लढाई सुरू झाली. आतां हा जनरल होणार, आणि याच्या हाताखालीं गोऱ्या अंमलदारांस राहावें लागणार! इतक्यांत डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं रक्ताचा दाब फार आहे, यांस निवृत्त करा. यंग त्या वेळीं ५३ वर्षांचा. त्यानें काय केलें? जून १९१८ मध्यें ओहायोंतल्या आपल्या घरून घोड्यावर मांड ठोकली आणि जवळ जवळ ५०० मैल चालून वॉशिंग्टनला गेला, सोळा दिवसांत, कांहीं घोड्यावर व कांहीं पायीं. पाहा म्हणाला, मी आजारी दिसतों काय? सरकारनें त्यास परत कामावर घेतलें, पण केव्हां? ६ नोव्हेंबर १९१८ रोजीं. लढाई ११ नोव्हेंबरला थांबली. मरणोत्तर ब्रिगेडियर जनरलचा मान त्यास २०२२ सालीं मिळाला, म्हणजे मृत्यूनंतर शंभर वर्षांनीं.

दुसरी गोष्ट म्हणजे ही ९२ वी डिव्हिजन. १९१७ च्या शरद ऋतूंत ती उभी राहिली. सुमारें २७ हजार माणसें, बहुतेक सगळीं सक्तीनें आणलेलीं. वास्तविक डिव्हिजन म्हणजे एक देह. पायदळ, तोफखाना, तारायंत्रवाले, खंदक खणणारे, सर्वांनीं एकत्र कवायत करावी तेव्हां कोठें लढाईंत एका हाताला दुसरा हात सांपडतो. पण सरकारला भीति पडली होती. ऑगस्ट १९१७ मध्यें टेक्सासांतल्या ह्यूस्टन शहरांत पोलिसांच्या मारहाणीवरून जुन्या फौजेच्या २४ व्या काळ्या रेजिमेंटांतले शिपाई हत्यारें घेऊन बाहेर पडले व पुष्कळ माणसें मेलीं. त्यांतल्या १३ शिपायांस ११ डिसेंबर रोजीं पहांटे, दाद मागण्याची संधि न देतां, फांशीं दिलें. पुढें आणखी सहा जणांस. (तो न्याय न्याय नव्हता असें म्हणून लष्करानें त्या खटल्यांतल्या ११० जणांच्या शिक्षा २०२३ सालीं रद्द केल्या.) तेव्हां इतके काळे बंदुकवाले एके ठिकाणीं नकोत, असा विचार करून ९२ व्या डिव्हिजनचे तुकडे सात छावण्यांत वांटले. मुख्य कचेरी कॅन्सासांत, एक रेजिमेंट इलिनॉयमध्यें, एक आयोवांत, एक न्यूयॉर्ककडे, एक मेरीलंडांत. फ्रान्सला जाईपर्यंत ही डिव्हिजन एकदांही एका मैदानांत उभी राहिली नाहीं. बैल एका गांवीं, औत दुसऱ्या गांवीं, बियाणें तिसऱ्या गांवीं, आणि पीक कां आलें नाहीं म्हणून मागाहून कुणब्यास जाब विचारावयाचा, त्यांतला प्रकार.

डिव्हिजनचा मुख्य जनरल बॅलू हा गोरा. मनुष्य अगदीं दुष्ट होता असें आम्ही म्हणणार नाहीं. पण त्याचा एक हुकूम ऐका. कॅन्सासांत छावणीजवळच्या गांवीं एक काळा सार्जंट नाटकगृहांत गेला. मालकानें त्यास आंत घेतलें नाहीं. कायद्यानें हा मालकाचा गुन्हा, आणि जनरलनें त्याजवर खटलाही भरविला. परंतु मार्च १९१८ मध्यें त्यानें आपल्या शिपायांस लेखी हुकूम वांचून दाखविला. त्याचा मतलब असा: सार्जंट कायद्यानें बरोबर होता, तरीही मोठी चूक त्याचीच; जेथें तुमचें जाणें लोकांस खपत नाहीं तेथें हक्क असला तरी जाऊं नका; ही डिव्हिजन गोऱ्यांनीं केली आहे आणि ती ते मोडूंही शकतात. विहिरीवर पाणी भरण्याचा हक्क तुम्हांस आहे, परंतु भरावयास जाऊं नका, कारण गांवांत तंटा होईल, हें शहाणपण आपल्या मुलखांत कोणीं ऐकलें नाहीं?

जून १९१८ मध्यें डिव्हिजन फ्रान्सला पोंचली. फ्रेंच खेड्यांतल्या लोकांनीं त्यांचें स्वागत केलें, घरांत बसविलें, आपल्या ताटांतलें वाढलें. हें कांहीं लोकांच्या डोळ्यांत सललें. अमेरिकन मुख्य ठाण्यांत काम करणाऱ्या एका फ्रेंच लष्करी कचेरीनें ७ ऑगस्ट १९१८ रोजीं एक गुप्त पत्रक काढलें. फ्रेंच अंमलदारांस सूचना अशी कीं काळ्या अमेरिकन अंमलदारांशीं फार जवळीक नको. त्यांच्या पंक्तीस बसूं नये. कामापुरतें सोडून हस्तांदोलन करूं नये. गोऱ्या अमेरिकनांदेखत त्यांची फार तारीफ करूं नये. पंक्तिभेदाचा असा छापील हुकूम गोऱ्यांच्या मुलखांत निघावा, याचें नवल आम्हांस वाटलें. आम्ही समजत होतों कीं ती विद्या आपल्याच देशांत पिकते. तें पत्रक पुढें डॉ. डु बॉईस या काळ्या विद्वान संपादकानें मे १९१९ मध्यें आपल्या मासिकांत छापून उघडें केलें. याच डु बॉईस यांस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९४६ सालीं पत्र लिहिलें होतें व त्यांचें उत्तरही आलें होतें.

जर्मनांनाही हें सगळें ठाऊक होतें. व्होज डोंगराच्या बाजूला ही डिव्हिजन खंदकांत असतांना जर्मनांनीं पत्रकें टाकलीं. त्यांचा भावार्थ असा कीं, तुम्हांस घरीं कसलें स्वातंत्र्य आहे? कशासाठीं मरतां? आमच्याकडे या. पत्रकांतली पुष्कळ गोष्ट खरी होती. तरी पलटणी फुटल्या नाहींत.

आतां मुख्य प्रसंग. सप्टेंबर १९१८ च्या शेवटीं आरगॉनच्या रानांत अमेरिकेचा मोठा हल्ला व्हावयाचा होता. डावीकडे फ्रेंच फौज, उजवीकडे अमेरिकनांची ७७ वी डिव्हिजन, आणि दोहोंच्या मध्यें जी फट राहील ती धरून ठेवावयाची. त्या फटींत ९२ व्या डिव्हिजनची ३६८ वी रेजिमेंट घातली, बाकीची डिव्हिजन मागें राखून. जागा कसली होती? चार वर्षें लढाई होऊन उलथापालथ झालेलें रान, कांटेरी तारांचीं जाळीं एकावर एक, त्यांत वेली व झुडपें वाढलेलीं, आणि जागोजागीं मशीनगनचे अड्डे. असल्या तारा तोडावयास जड कात्र्या लागतात; त्या मिळाल्या नव्हत्या. नकाशे पुरेसे नव्हते. डिव्हिजनचा स्वतःचा तोफखाना अजून आघाडीवर आलेलाच नव्हता, आणि पहिल्या दिवशीं दुसऱ्या कोणाच्या तोफांचा आधारही त्यांना नव्हता. शिपाई असे कीं ज्यांनीं पूर्वी मोठा हल्ला पाहिलेला नाहीं.

२६ सप्टेंबरला सकाळीं ते निघाले. रानांत शिरतांच तुकड्यांची फाटाफूट झाली. पुढच्यास मागचा दिसेना, हुकूम पोंचेना; कांहीं तुकड्या पुढें गेल्या, कांहीं रात्रीं परत निघाल्या त्या जागीं आल्या. दोन बटालियनांत घोटाळा माजला आणि माघार झाली, ही गोष्ट खरी आहे. आम्ही ती लपविणार नाहीं. पण बटालियनचे मुख्य तर गोरे मेजर होते. मागें फिरण्याचा हुकूम वरून आला असें काळ्या अंमलदारांचें म्हणणें, आणि मेजराचें म्हणणें कीं माणसें भ्याडपणें पळालीं. याच रेजिमेंटांतले लोक ३० सप्टेंबरला फ्रेंचांच्या बरोबरीनें बिनारव्हील गांवांत शिरले, ही गोष्टही तितकीच खरी. पण ती कोणीं फारशी सांगितली नाहीं.

दोष कोणाच्या माथीं आला तें सांगावयास नकोच. ३० काळ्या अंमलदारांना नालायक म्हणून काढलें. पांच जणांवर भ्याडपणाचा आरोप ठेवून कोर्टमार्शल झालें. चौघांस मरणाची शिक्षा, एकास जन्मठेप. मेजर मात्र साक्षीला. शेवटीं वॉशिंग्टनच्या युद्धखात्यानें चौकशी केली, त्या रानाची व त्या साधनांची स्थिति पाहिली, आणि पांचही जण सुटले. युद्धमंत्री बेकर यांनीं जाहीर सांगितलें कीं या प्रकरणावरून काळ्या अंमलदारांची सरसकट निंदा करण्यास आधार नाहीं.

हें सगळें होत असतां त्याच हल्ल्यांत, त्याच दिवसांत, कॅन्सास-मिझूरीकडची गोऱ्यांची ३५ वी डिव्हिजन पार विस्कटली आणि आघाडीवरून काढून घ्यावी लागली. तिच्या बाबतींत काय म्हणाले? शिक्षण अपुरें होतें, वरचे अंमलदार ऐन वेळीं बदलले, तोफांचा मेळ बसला नाहीं. कारणें शोधलीं, आणि तीं सांपडलीं. गोऱ्यांची चातुरी कमी असें कोणी लिहिलें नाहीं. काळ्यांच्या एका रेजिमेंटांत घोटाळा झाला, तेव्हां मात्र कारण शोधावयास रानांत जावें लागलें नाहीं; तें कातड्यावरच लिहिलेलें होतें. आम्ही मास्तर आहों, आम्हांस हें चांगलें ओळखतां येतें. सावकाराचा पोर गणितांत चुकला तर त्या दिवशीं त्याचें लक्ष नव्हतें, आणि मांगाचा पोर चुकला तर त्याच्या डोक्यांतच नाहीं, असें म्हणणारे मास्तर आम्हीं पाहिले आहेत. खरें सांगावयाचें तर पहिल्या एकदोन वर्षांत आमच्याही तोंडून तसें गेलेलें आहे.

ऑक्टोबरांत ही डिव्हिजन मोझेल नदीकाठीं मार्बाश भागांत नेली. येथें सगळी डिव्हिजन एकत्र आली, तोफखानाही आला. १० नोव्हेंबरला मेत्सच्या दिशेनें हल्ला झाला. ३६५ व्या रेजिमेंटानें फ्रेओ नांवाचें रान जर्मनांकडून घेतलें, आणि विषारी वायु व तोफगोळे यांच्या माऱ्यांत दुसऱ्या दिवशीं अकरा वाजतां लढाई थांबेपर्यंत सोडलें नाहीं. ३६७ व्या रेजिमेंटाच्या पहिल्या बटालियनला फ्रेंचांनीं क्रवा द गेर हें पदक दिलें. सगळ्या लढाईंत डिव्हिजनचे मेलेले व जखमी मिळून १,६०० च्या वर. पण त्यानंतरही कागदावर बिनारव्हीलच राहिलें, आणि तेंही अर्धें. १९२५ सालीं लष्कराच्या वरिष्ठ विद्यालयानें काळ्या शिपायांविषयीं एक टिपण तयार केलें. त्यांत या डिव्हिजनच्या गोऱ्या अंमलदारांचे अभिप्राय भरलेले, आणि निष्कर्ष असा कीं काळा मनुष्य जन्मतःच कमी धीराचा व कमी बुद्धीचा. युद्धखात्यानें पांच जणांस सोडलें होतें. टिपणानें सगळ्या जातीला शिक्षा दिली. पुढचीं कित्येक वर्षें लष्करांतलीं मोठीं माणसें त्याच टिपणाच्या शिदोरीवर निर्णय घेत राहिलीं. जनरल बॅलूनें स्वतः १९२० सालीं लिहिलें होतें कीं काळ्या अंमलदाराचा द्वेष करणारे पुष्कळ गोरे अंमलदार आपल्या माथीं मारले होते. तें कोण वाचतो!

शिपाई १९१९ च्या आरंभीं घरीं परतले. त्या उन्हाळ्यांत अमेरिकेच्या शहराशहरांत काळ्यांच्या वस्त्यांवर हल्ले झाले. एकट्या शिकागोंत ३८ माणसें मेलीं. परत आलेल्या सैनिकांपैकीं कित्येकांस जमावानें ठार केलें, कांहींना तर अंगावर वर्दी असतांना. आर्कान्सास राज्यांतल्या एलेन गांवाजवळची गोष्ट तुम्हीं विशेष ऐकावी. तेथें वांट्यानें कापूस पिकविणारे काळे शेतकरी सप्टेंबर १९१९ च्या शेवटीं रात्रीं चर्चमध्यें जमले होते. मागणी एवढीच कीं कापसाचा खरा भाव आणि खात्याचा लेखी हिशोब आम्हांस मिळावा. तेथें गोळीबार झाला, एक गोरा मेला, आणि मग जमाव व फौज मिळून पुष्कळ काळे मारले गेले. शंभरावर तर खासच, कोणी कित्येक शेंकडे म्हणतात. मेलेल्यांत फ्रान्सहून लढून आलेलेही होते. फांशीची शिक्षा झाली बारा जणांस, बाराही काळे. त्यांचा दावा वरिष्ठ कोर्टापर्यंत गेला, १९२३ सालीं तेथें त्यांची दाद लागली, आणि १९२५ पर्यंत ते सर्व सुटले. हिशोब मागणें हा केवढा गुन्हा होता पाहा.

आपल्याकडचा एक दाखला येथें द्यावासा वाटतो. कंपनीच्या मुंबई फौजेंत महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या लढले. १८९० नंतरच्या वर्षांत सरकारनें ठरविलें कीं ही लढाऊ जात नव्हे, आणि भरती बंद. गोपाळबाबा वलंगकरांनीं त्याविरुद्ध अर्ज लिहिला, पुढें शिवराम जानबा कांबळे यांनींही लिहिला. महायुद्धांत माणसें कमी पडतांच १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभी केली; गरज सरली, १९२१ सालीं ती मोडली. पुन्हां लढाई आली, तेव्हां १९४१ सालीं महार रेजिमेंट. गरजेला लढाऊ, एरवीं नालायक. दोन्ही देशांतल्या कचेऱ्यांनीं एकमेकींची पाटी पाहून लिहिलें कीं काय न कळे.

९२ वी डिव्हिजनही तशीच १९४२ सालीं पुन्हां उभी केली, पुन्हां सक्तीच्या भरतीनें, पुन्हां वरती गोरे, आणि १९४४ सालीं इटलींत धाडली. तेथें आपलीं माणसें तिच्या शेजारीं आलीं. २६ डिसेंबर १९४४ रोजीं सेर्क्यो नदीच्या खोऱ्यांत जर्मनांनीं तिच्यावर जोराचा हल्ला केला. सोम्मोकोलोनिया गांवीं लेफ्टनंट जॉन फॉक्स हा काळा अंमलदार एका घराच्या माडीवरून तोफांना निशाण सांगत होता. जर्मनांनीं घर वेढलें, तेव्हां त्यानें तोफखान्याला सांगितलें कीं आतां गोळे माझ्यावरच टाका. पुढें त्याचें प्रेत सांपडलें तेव्हां भोंवतीं जर्मनांचीं पुष्कळ प्रेतें होतीं. त्या दिवसांत खोऱ्यांतली फळी सांवरावयास आठवी हिंदी डिव्हिजन आणली होती. तिच्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. त्याच बटालियनच्या नगर जिल्ह्यांतल्या नामदेव जाधवांनीं पुढें एप्रिल १९४५ मध्यें सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. जाधवांचा पराक्रम त्याच वर्षीं कागदावर आला. फॉक्सला अमेरिकेचें सर्वांत मोठें पदक १९९७ सालीं मिळालें. त्या दिवशीं दुसऱ्या महायुद्धांतल्या सात काळ्या वीरांस एकदम तें देण्यांत आलें, कारण तोंवर एकालाही दिलेलें नव्हतें. सातांत जिवंत एकटा, याच ९२ व्या डिव्हिजनचा व्हर्नन बेकर, वय ७७.

फोर्ट डेमॉइनच्या छावणींतून निघालेला चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन नांवाचा एक तरुण अंमलदार फ्रान्सांत गोऱ्या अमेरिकन शिपायांच्या जमावाच्या हातून थोडक्यांत वांचला होता. शत्रूच्या नव्हे, आपल्याच लष्कराच्या! तेथें त्यानें ठरविलें कीं जगलों तर कायदा शिकेन. तो शिकला, वकील झाला, काळ्यांच्या विद्यालयांत कायदा शिकवूं लागला. वेगळ्या शाळांविरुद्धचे दावे त्यानें एकेक करून चालविले. तो १९५० सालीं वारला. १९५४ सालीं वरिष्ठ कोर्टानें सरकारी शाळांतला रंगभेद बेकायदा ठरविला. तो दावा लढविणारा मुख्य वकील, थर्गुड मार्शल, ह्यूस्टनचा विद्यार्थी. लष्करांतल्या वेगळ्या पलटणी मोडण्याचा हुकूम त्या अगोदर, २६ जुलै १९४८ रोजीं, निघाला होता.

तीं कार्डें सरकारी दप्तरांत अजून आहेत. फ्रान्सांत लढलेल्या आपल्या पणज्याचा शोध घेणारे लोक ज्या कार्डांवरून तपास लावतात, त्यांत पुष्कळांचा डावा कोपरा नाहीं.

आतां ज्यांना कांहीं विचारावयाचें असेल त्यांनीं विचारावें. पण पहिली पाळी या पुढें बसलेल्या तिघांची. परवां पहांटे त्यांची एस्टी आहे.